डाग कोणता, मलम कोणते?

गेल्या दिवाळीच्या आधी साताऱ्यास मावशीकडे जाण्याचा योग आला. मावशी बहात्तर वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. दारातच तिला पाहून मी किंचित थबकले. गालांवर एरवी दिसणारा वांग जवळजवळ नाहीसा झाला होता, पण त्याच्या जागी आलेली कांती निरोगी वाटत नव्हती. गाल गुलाबी, पातळ कागदासारखे झालेले, त्यांवर लाल केशवाहिन्यांची नक्षी आणि कानशिलांपासून हनुवटीपर्यंत बारीक लव. चहा करताना ती दोनदा पदराने वारा घेत बाजूला सरकली. "शेगडीजवळ उभं राहवत नाही गं हल्ली. तोंडाची नुसती आग होते," ती म्हणाली.

दुपारी सगळे निजल्यावर तिने कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात सात नळ्या होत्या. काही अर्धवट पिळलेल्या, एक मुदत उलटलेली, एकीवर नाव-पत्ता काहीच नाही. त्यांतील एक ती चौदा महिने रोज रात्री लावत होती. शेजारणीने सुचवलेली, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून चिठ्ठीवाचून मिळालेली. बारा दिवसांत वांग फिका पडला म्हणून तिचा विश्वास बसला. लावणे थांबवले की आग व्हायची, चेहरा लाल व्हायचा, डाग पूर्वीपेक्षा गडद होऊन परत यायचे. म्हणून पुन्हा लावायचे.

"डॉक्टरांना का नाही दाखवलंस?" मी विचारले.

"म्हटलं होतं एकदा. तर सगळे हसले. म्हणे, आई, आता या वयात कुणाला दाखवायचंय?"

ते हसू कोणी दुष्टपणाने हसले नव्हते. पण त्या हसण्यामुळे एक साधा प्रश्न कपाटातल्या डब्यात जाऊन बसला आणि चौदा महिने तेथेच राहिला. ज्येष्ठांच्या चेहऱ्यावरील डाग हा घरात बोलण्याचा विषय मानला जात नाही. तो ज्येष्ठ व्यक्तीचा आरसा आणि दुकानदार यांच्यामध्ये परस्पर मिटवला जातो. त्या व्यवहारात काय विकले जाते आणि त्याऐवजी काय घ्यावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम डागाची ओळख

'डागांवरील क्रीम' असे एकच काही मागण्यात मूळ चूक आहे. साठीनंतर त्वचेवर उमटणारे काळसर डाग एका जातीचे नसतात. एकाला उपयोगी पडणारे मलम दुसऱ्यावर निरुपयोगी ठरते, तर तिसऱ्याच्या बाबतीत ते लावत बसल्याने खऱ्या आजाराकडे दुर्लक्ष होते.

हातांच्या पाठीवर, कपाळावर, गालांच्या उंचवट्यावर सपाट, तपकिरी, स्पष्ट कडांचे ठिपके दिसतात, ते अनेक वर्षांच्या उन्हाचे. शेतात, बाजारात, शाळेच्या मैदानावर घालवलेल्या दुपारांचा हिशेब त्वचा असा उशिरा मांडते. वांग वेगळा. तो दोन्ही गालांवर, नाकावर, वरच्या ओठावर साधारण सारखा पसरतो आणि त्याच्या कडा पुसट असतात. ऊन, संप्रेरके आणि आनुवंशिकता ही त्याची प्रमुख कारणे. रजोनिवृत्तीनंतर पुष्कळ स्त्रियांत तो आपोआप फिका होतो, पण काहींची पाठ सोडत नाही. या दोन प्रकारांत लावण्याच्या औषधांचा काही ना काही उपयोग होतो.

याउलट चेहऱ्यावर किंवा पाठीवर मेण चिकटवल्यासारखे, किंचित उंच, खरखरीत, तपकिरी-काळे डाग असतात. अनेकजण त्यांना चामखीळ म्हणतात. गालांवर, डोळ्यांच्या कडेला आणि मानेवर मोहरीएवढे काळे उंचवटेही तसेच, आणि ते एकाच घरातील अनेकांना असतात. ही त्वचेच्या वरच्या थराची निरुपद्रवी वाढ आहे. कोणतेही डाग घालवणारे क्रीम तिला हलवू शकत नाही, कारण येथे केवळ रंग वाढलेला नसून त्वचाच जाड झालेली असते. नकोच असतील तर त्वचारोगतज्ज्ञ अतिशीत उपचाराने किंवा विद्युतदहनाने ते काही मिनिटांत काढतात. मावशीच्या डब्यातील सातांपैकी तीन नळ्या कानशिलावरच्या अशाच एका डागासाठी घेतलेल्या होत्या.

मानेच्या मागे, काखेत, कधी कपाळाच्या कडांना त्वचा काळवंडून मखमलीसारखी जाड होते. घरातील माणसे तिला मळ समजतात आणि आंघोळीच्या वेळी घासणीने घासतात. तो मळ नव्हे. शरीरात इन्सुलिन आपले काम नीट करीत नसल्याची ती बहुधा खूण असते. वजन अधिक असणाऱ्यांत व मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांत ती आढळते. येथे क्रीमच्या आधी रक्तातील साखर तपासावी. तीच खूण एखाद्या कृश, वजन घटत चाललेल्या वृद्धात अचानक उमटली, तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यास आठवडाही दवडू नये.

बोटांच्या पेरांवर, सांध्यांच्या पाठीवर काळेपणा वाढला असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची आठवण ठेवावी. शाकाहारी ज्येष्ठांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे जीवनसत्त्व कमी पडू शकते. हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा यांच्या जोडीला हा काळेपणा असला तर एक रक्तचाचणी पुष्कळ काही सांगून जाते. कमतरता भरून निघाली की बोटांचा रंगही हळूहळू निवळतो. बाहेरून चोळण्याचा तेथे काही उपयोग नाही.

आपल्याकडील आणखी एक नित्याचे कारण म्हणजे कलप. कपाळाच्या वरच्या कडेला, कानांपुढे, मानेवर राखाडी-काळी छटा चढत असेल तर केसांच्या रंगाकडे पाहावे. त्यातील पीपीडी या रसायनाची अनेकांना ॲलर्जी होते. प्रत्येकवेळी खाज सुटेलच असे नाही, काहींत नुसताच काळेपणा वाढत जातो. 'काळी मेंदी' नावाने विकल्या जाणाऱ्या भुकटीतही हेच रसायन असते. कुंकवाच्या जागी काळसर डाग पडणे आणि टिकलीच्या गोंदामुळे तेथील रंग जाऊन पांढरा ठिपका उमटणे, हेही याच जातीचे. कारण दूर केल्याशिवाय कितीही महागडे सीरम आणले तरी ते भिजलेल्या भिंतीवर चुना लावण्यासारखे होते.

नायलॉनच्या घासणीने रोज पाठ आणि नडग्या रगडण्याची सवयही अनेक जुन्या घरांत आहे. या घर्षणाने तेथे लाटांसारखा तपकिरी काळेपणा येतो, मग तो मळ समजून आणखी घासले जाते. घोट्यांच्या वर तपकिरी-तांबूस रंग चढला, पाय संध्याकाळी सुजत असले, शिरा फुगलेल्या असल्या, तर तो दोष नीलांतील रक्त साचण्याचा असतो. हातांवर सहज उमटणारे जांभळे डाग पातळ झालेल्या त्वचेखालच्या रक्तस्रावाचे असतात. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत ते अधिक दिसतात. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडॅरोन, संधिवातासाठीचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अशा काही औषधांनीही त्वचेचा रंग बदलतो. मात्र डागांच्या भीतीने हृदयाची किंवा रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. फक्त डॉक्टरांच्या कानावर घालावे.

अंथरुणास खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. माकडहाडावर, टाचेवर, नितंबाच्या हाडावर लालसर किंवा जांभळट-काळा डाग दिसला आणि बोटाने दाबल्यावर तो फिका होत नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून तेथील भाग आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतो का, हेही हाताने पाहावे. त्यावर क्रीम चोळू नये, मालिश तर मुळीच करू नये. त्या जागेवरचा भार त्वरित काढावा आणि डॉक्टरांना किंवा परिचारिकेस दाखवावे.

लवकर गुण देणारे मलम

मावशीच्या त्या आवडत्या नळीवरील अक्षरे वाचायला मला चष्मा पुसावा लागला. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन, मोमेटासोन. या तिहेरी मिश्रणाचा वंश जुना आहे. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस यांनी १९७५ मध्ये असे मिश्रण प्रसिद्ध केले. वांगावर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांच्या मुदतीने ते आजही दिले जाते आणि गुणकारीही ठरते. दोष औषधाचा नाही. ते रोजच्या वापराच्या क्रीमसारखे महिनोन्महिने लावले जाते, तेथे घात होतो.

यातील मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड दाह दाबते, रंगपेशींचे काम मंदावते, त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा उजळ व नितळ दिसतो. मग त्वचा पातळ होऊ लागते, केशवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, मुरमांसारख्या पुळ्या येतात, ऊन आणि उष्णता सोसेनाशी होते. थांबवताच सारे उसळून वर येते आणि माणूस पुन्हा नळीकडे वळतो. आपल्या देशात हे इतके सार्वत्रिक झाले की, भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचे स्वतंत्र नावच दिले. ज्येष्ठांची त्वचा आधीच पातळ. त्यात पापण्यांजवळ दीर्घकाळ स्टेरॉइड लागले तर काचबिंदू व मोतीबिंदूचा धोका, ही भर निराळी.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावण्याची १४ स्टेरॉइड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम झाला. मावशीला मात्र तीन रस्ते ओलांडूनही जावे लागले नाही. तेव्हा नियमावर विसंबून न राहता नळी वाचण्याची सवय लावणे बरे. वेष्टनावर 'आरएक्स' हे चिन्ह किंवा चिठ्ठीवरच विक्री करण्याची सूचना असेल, तर ते सौंदर्यप्रसाधन नसून औषध आहे. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन ही नावे ओळखीची करून घ्यावीत. गजकर्णासाठी मिळणाऱ्या अनेक 'सर्वगुणी' मलमांतही यांतले एखादे असते, आणि घरात पडून असलेली तीच नळी चेहऱ्याच्या डागांवर जाते.

हायड्रोक्विनोनविषयीही दोन शब्द. रंग घटवणारे ते जुने, परिणामकारक औषध आहे. परंतु दीर्घकाळ लावल्यास काहींच्या त्वचेत निळसर-काळा रंग कायमचा साठतो. दक्षिण आफ्रिकेतील स्त्रियांत हा दुष्परिणाम १९७५ मध्येच नोंदवला गेला होता. युरोपीय संघात त्वचेच्या सौंदर्यप्रसाधनांत त्यास मनाई आहे. डॉक्टरांनी लिहून दिले तर थांबण्याची तारीख त्याच वेळी विचारून घ्यावी आणि ती दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

ज्या नळीवर किंवा डबीवर घटकांची यादीच नाही, तिची गोष्ट याहून गंभीर आहे. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून काही गोरेपणाच्या क्रीममध्ये तो छुपेपणाने घातला जातो. भारतीय नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत अनवधानाने आलेला पारा दशलक्षात एक भागाहून अधिक असता कामा नये. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील, मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांत त्या आजाराचा सहसा न आढळणारा एक प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. लघवीला फेस येणे, पायांवर व डोळ्यांभोवती सूज येणे ही लक्षणे क्रीम वापरणाऱ्या व्यक्तीत दिसली तर नळी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जावे. शिवाय पाऱ्याची वाफ होते आणि तो हातांतून, टॉवेलांतून, उशीच्या अभ्ऱ्यातूनही पसरतो. आजीच्या कुशीत झोपणारे नातवंड ते क्रीम न लावताही त्याच्या संपर्कात येते.

'आयुर्वेदिक', 'हर्बल', 'परदेशी' या शब्दांनी वरील धोका टळत नाही. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी यांतले काही नसेल तर वस्तू दुकानातच ठेवावी, मग ती आखातातून भाच्याने प्रेमाने आणलेली का असेना.

मग घ्यावे काय?

डाग साधा आहे अशी खात्री झाल्यावर यादी आश्चर्य वाटावे इतकी लहान होते. पहिले स्थान सनस्क्रीनचे. ते लावल्याशिवाय बाकी काहीही लावणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे. एसपीएफ ३० किंवा अधिक आणि 'पीए' पुढे किमान तीन अधिक-चिन्हे, एवढे पाहावे. एसपीएफ ३० अतिनील-बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते आणि ५० सुमारे ९८ टक्के. तेव्हा मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा पुरेसे लावणे महत्त्वाचे. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा चेहरा व मान यांना लागतात. आपण बहुतेकजण याच्या निम्मेही लावत नाही. बाहेर असताना दोन-तीन तासांनी पुन्हा.

वांग असलेल्यांनी फिकट बदामी छटेचे, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेले सनस्क्रीन निवडावे. सावळ्या त्वचेत दृश्य प्रकाशानेही रंग वाढतो आणि पांढऱ्या पारदर्शक सनस्क्रीनला तो अडवता येत नाही. 'मी कुठे बाहेर जाते?' हा प्रश्न हमखास येतो. खिडकीची काच अतिनील-बी किरणे बऱ्याच अंशी अडवते, परंतु अतिनील-ए किरणे तिच्यातून आत येतात. वर्तमानपत्र वाचण्याची खिडकीजवळची खुर्ची हात-दोन हात आत सरकवणे हाही उपचारच आहे. छत्री, रुंद काठाची टोपी आणि डोक्यावरचा पदर यांचे मोल तर कोणत्याही नळीपेक्षा कमी नाही. उन्हातील ड-जीवनसत्त्वाची काळजी वाटत असेल तर त्याविषयी डॉक्टरांना विचारावे. त्यासाठी चेहराच भाजून घ्यावा असे काही नाही.

दुसरे, सुगंधविरहित साधे मॉइश्चरायझर. वृद्ध त्वचा कोरडी असते. कोरडी त्वचा खाजते, खाजवल्याने दाह होतो आणि दाहामागोमाग काळा डाग येतो. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच ते लावावे. अनेकांच्या बाबतीत निम्मे काम येथेच होते.

तिसरे, डागांवर काम करणारा घटक, आणि तोही एका वेळी एकच. माझे मत विचाराल तर ज्येष्ठांनी आरंभ नियासिनामाइडपासून करावा. चार-पाच टक्के पुरे होतात. 'दहा टक्के' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले पाहून भुलू नये. रंगद्रव्याचे कण वरच्या पेशींपर्यंत पोहोचण्यास ते अटकाव करते आणि त्वचेचे संरक्षक आवरणही सुधारते. अझेलेइक ॲसिड हा दुसरा चांगला पर्याय. सुरुवातीस किंचित चुणचुणते. जीवनसत्त्व-क उपयोगी, पण चंचल. बाटलीतील द्रव गडद पिवळा-तपकिरी झाला की त्याचा कस गेला समजावे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर होते. ग्लायकोलिक ॲसिड व रेटिनॉल हे सामर्थ्यवान घटक पातळ, कोरड्या त्वचेला सहज चिडवतात. तज्ज्ञांनी सांगितल्यावरच, एक दिवसाआड, वाटाण्याएवढे. कोजिक ॲसिडचे साबण सध्या फार खपतात. अर्ध्या मिनिटात धुऊन जाणाऱ्या साबणाकडून मला विशेष अपेक्षा नाहीत, कोरडेपणा मात्र तो नक्की देतो.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांविषयी स्वतंत्र इशारा द्यायला हवा. वांगासाठी त्या दिल्या जातात आणि एकमेकींच्या सांगण्यावरून घेतल्याही जातात. हे औषध रक्ताची गुठळी टिकवून धरते. पायातील शिरेत गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार होऊन गेलेल्या माणसाला ते धोक्याचे ठरू शकते. भाचीला चालले म्हणून मावशीला चालेल, असे हे औषध नव्हे.

स्वयंपाकघरातील उपचारांपैकी डाळीचे पीठ-साय-हळद हलक्या हाताने लावण्यास हरकत नाही. त्याने डाग जात नाहीत, पण कोणाचे बिघडतही नाही. लिंबू मात्र चेहऱ्यावर नको. त्याचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की भाजल्यासारखे होऊन अधिक काळे डाग उमटतात. खाण्याचा सोडा आणि दातांची पेस्ट यांनाही तोच नकार.

कोणतीही नवी वस्तू आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस पाच-सहा रात्री लावून पाहावी. मग चेहऱ्यावर. दुसरी नवी वस्तू आणण्यापूर्वी दोन आठवडे जाऊ द्यावेत, म्हणजे त्रास झाला तर दोषी कोण ते कळते. त्वचेचा वरचा थर तरुणपणी साधारण महिन्याभरात नवा होतो, उतारवयात त्यास दीड-दोन महिने लागू शकतात. म्हणून आठ ते बारा आठवड्यांच्या आत निकाल मागू नये. रोजचा आरसा फसवतो. घरातील कोणीतरी महिन्याच्या पहिल्या तारखेस, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी मोबाइलवर एक छायाचित्र काढावे. मोतीबिंदू किंवा मंद दृष्टी असणाऱ्यांच्या नळ्यांवर जाड पेनाने 'सकाळ', 'रात्र', 'गुडघा' असे ठळक लिहून ठेवावे. वेदनाशामक जेल गालाला लावल्याचे प्रकार घरोघरी घडतात. बोटांत संधिवात असेल तर पिळण्याच्या नळीऐवजी दाबण्याची बाटली घ्यावी.

हे दिसल्यास थांबू नये

एखादा डाग काही आठवड्यांत आकाराने वाढत असेल, त्याचे दोन अर्धे भाग एकमेकांसारखे नसतील, कडा वेड्यावाकड्या असतील, त्यात दोन-तीन रंग दिसत असतील, त्यातून रक्त येत असेल किंवा जखम भरत नसेल, तर कोणतेही क्रीम न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत त्वचेचा घातक मेलॅनोमा कर्करोग दुर्मीळ आहे. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. आई-वडिलांचे तळवे आपण नमस्कारापलीकडे क्वचितच पाहतो. नखे कापून देताना तेवढी नजर टाकावी.

त्वचेच्या रंगाहून फिका किंवा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श, ऊन-गार कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. तो पूर्ण बरा होतो आणि सरकारी आरोग्य केंद्रात औषधे विनामूल्य मिळतात. लाजेपायी पांढऱ्या डागांचे मलम लावत बसल्याने मज्जातंतूंची हानी मात्र होत राहते.

मावशीला आम्ही तिसऱ्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. डबा सोबत होता. त्यांनी सातही नळ्या टेबलावर मांडल्या, चार टोपलीत टाकल्या आणि ती तिहेरी नळी एकदम न तोडता सौम्य औषधाच्या आधाराने टप्प्याटप्प्याने सोडवली. पहिले सहा आठवडे कठीण गेले. चेहरा लाल, आग, आणि वांग पुन्हा वर आलेला. त्या काळात सूनबाईंनी दोन्ही वेळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला, आणि ज्या मुलाने विनोद केला होता तो दर पंधरा दिवसांनी रजा टाकून तिला तपासणीला घेऊन जात असे.

आता नववा महिना चालू आहे. आग थांबली आहे, लव कमी झाली आहे, वांग आहे, पण फिका. बदामी सनस्क्रीनची बाटली देवघराबाहेरच्या फडताळात, चष्म्याच्या घरापाशी ठेवलेली असते. कानशिलावरचा तो मेणासारखा डाग काढून टाकू का, असे डॉक्टरांनी विचारले होते. मावशीने दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाली. तिच्या आईच्याही नेमक्या त्याच जागी तसाच होता.